सेल्फ मारला आणि पडदा काळा झाला

पहाटेचे साडेचार. हर्णैच्या पश्चिमेला वीस वाव पाण्यात एक गिलनेटची नौका रात्रभर आपल्या जाळ्याला बांधून वाहते आहे. इंजिन संध्याकाळपासून बंद आहे. डोलकाठीवरचा दिवा, केबिनमधला बल्ब, वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर हे सगळं एकाच बॅटरीवर चालू आहे. जाळं ओढायची वेळ होते. तांडेल चावी फिरवतो, सेल्फ घरघरतो, केबिनमधला बल्ब लालसर होत मिणमिणतो आणि दोन्ही पडदे काळे होतात. तीन-चार सेकंदांत इंजिन सुरू होतं, बल्ब पुन्हा उजळतो. जीपीएसवर आधी कंपनीचं बोधचिन्ह उमटतं, मग सूचनांचं पान येतं. ते बटण दाबल्याशिवाय हलत नाही. त्यानंतर उपग्रहांचा शोध सुरू होतो. तोवर आपण नेमके कुठे आहोत हे तांडेलाने आठवणीवर आणि होकायंत्रावर भागवायचं.

मिनिटभराचा खोळंबा, असं किनाऱ्यावरून वाटतं. पण एका नॉटच्या प्रवाहात नौका मिनिटाला तीस मीटर सरकते, आणि पंधरा नॉटने येणारं मालवाहू जहाज तेवढ्याच वेळात साडेचारशे मीटरहून जास्त अंतर कापतं. अंधारात जाळ्याचं दुसरं टोक कुठे आहे, जवळून कोण जातंय, खाली किती पाणी आहे हे सगळं नेमकं त्याच मिनिटात कळायला हवं असतं, कारण इंजिन सुरू करणं म्हणजे हालचालीची सुरुवात. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. तिथे इंजिन मध्येच बंद पडलं, घाईने पुन्हा सेल्फ मारला आणि खोलीचा आकडा गेला, तर ते मिनिट फार मोठं ठरतं.

बंदरावर यावर एक जुना सल्ला मिळतो : सेल्फ मारण्याआधी यंत्रं बंद करा, इंजिन लागल्यावर चालू करा. धक्क्याला बांधलेल्या नौकेसाठी तो चांगला आहे आणि फुकटचा आहे. समुद्रात मात्र ज्या क्षणी यंत्रं सर्वांत जास्त हवीत त्याच क्षणी ती आपल्या हाताने बंद करायला तो सांगतो. म्हणून या प्रकरणात आपण पाहू, की इंजिन सुरू होताना बाकीच्यांची वीज जाते कुठे, आणि ती जाऊ नये म्हणून काय करता येतं.

सुरुवात सेल्फपासून करावी लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारगाडीचं इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावं लागे, आणि उलटा फटका बसून मनगटं मोडत. लहान डिझेल इंजिनं आजही हॅन्डल मारून सुरू करता येतात, त्यामुळे हा फटका किनाऱ्यावर अनेकांना ठाऊक आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्लायंत्रांच्या कारखान्यात होता, आणि गल्ला विजेने उघडण्यासाठी त्याने एक छोटी मोटार वापरली होती. त्या कामातून त्याला एक गोष्ट उमगली होती. मोटारीला दिवसभर राबायचं नसून काही क्षणच जोर लावायचा असेल, तर लहान मोटारीतूनही प्रचंड ताकद काढता येते. तिच्यात तिच्या ऐपतीपलीकडचा प्रवाह सोडायचा आणि ती तापण्याआधी थांबवायचं.

आपली अडचण याच युक्तीत दडलेली आहे. सेल्फ लहान आहे कारण तो उधळा आहे. चावी फिरवली त्या पहिल्या क्षणी त्याचा रोटर स्थिर असतो. फिरणारी मोटार स्वतःच एक उलटा विद्युतदाब तयार करते आणि आत येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते, पण स्थिर मोटारीकडे तो आवर नसतो. तांब्याच्या जाड वेटोळ्यांचा नगण्य अवरोध तेवढा मध्ये असतो. त्यामुळे मासेमारी नौकेच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ पहिल्या झटक्यात काही शे अँपिअर ओढतो. मोटार फिरू लागली की प्रवाह उतरतो, बॅटरीचा दाब थोडा सावरतो. पण पडदा काळा व्हायचा तो त्या पहिल्या झटक्यातच होऊन गेलेला असतो.

मुंबईच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे चटकन समजेल. तळमजल्यावर कोणी नळाला मोटार लावली की तिसऱ्या मजल्यावरच्या नळाची धार करंगळीएवढी होते. टाकीत पाणी असतं, पण नळीत जोर उरत नाही. बॅटरीतही वीज भरपूर असते. कमी पडतो तो दाब.

आता आकडे. शिशाच्या बॅटरीतलं एक घर सुमारे २.१ व्होल्टचं. सहा घरं मिळून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा आतला अवरोध असतो. चांगल्या, भरलेल्या मोठ्या बॅटरीत तो पाच मिलिओहम धरू. सेल्फने ३०० अँपिअर ओढले तर आतल्या आत दीड व्होल्ट खर्च होतात आणि टोकांवर ११.१ उरतात. यंत्रांना काही कळतही नाही. हीच बॅटरी चार हंगाम जुनी असेल, निम्मी उतरली असेल आणि आतला अवरोध बारा मिलिओहमवर गेला असेल, तर ३.६ व्होल्ट आत जातात आणि १२.२ मधून ८.६ उरतात. हिशेब ढोबळ आहे, कारण दाब घसरला की सेल्फचा प्रवाहही थोडा उतरतो. पण नवी बॅटरी असताना वर्षभर नीट चाललेलं यंत्र नंतर अचानक का रुसतं, ते एवढ्यावरून उलगडतं.

बॅटरी रात्रीत निम्मी कशी उतरते, तेही बघा. एलईडी दिवे एक अँपिअर, जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून दीड, ऐकत बसलेला वायरलेस अर्धा, बाकी किरकोळ अर्धा. साडेतीन अँपिअर, नऊ तास. सुमारे ३२ अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीचा हा एक तृतीयांश, आणि जुनीचा निम्मा किंवा त्याहूनही जास्त. जुन्या पद्धतीचे २५ वॅटचे बल्ब असतील तर प्रत्येकी दोन अँपिअर वाढवा. हा हिशेब दर तांडेलाने आपल्या नौकेपुरता एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे.

बल्ब ८.६ व्होल्टवर मंद का होईना जळत राहतो. पडदा मात्र पूर्ण जातो. अनेक सागरी यंत्रांवर चालण्याची खालची मर्यादा दहा व्होल्टच्या आसपास लिहिलेली असते. आतला प्रोसेसर दाब कमी पडला तर चुकीची गणितं करू लागेल, चुकीचं काही स्मृतीत लिहून बसेल. म्हणून त्याच्यावर पहारा ठेवणारं एक सर्किट असतं. दाब ठरावीक रेषेखाली गेला की ते प्रोसेसरला थांबवतं आणि दाब परतल्यावर पहिल्यापासून सुरू करतं. यंत्र बिघडलेलं नसतं. दुरुस्तीला दिलेला संच दुकानातल्या टेबलावर सुरळीत चालतो आणि नौकेवर परत येऊन पुन्हा बंद पडतो, याचं कारण हे आहे. दुकानातल्या टेबलाला सेल्फ नसतो.

जीपीएस पुन्हा उठल्यावर त्याला किती वेळ लागेल हे त्याला काय आठवतंय यावर ठरतं. उपग्रह आपली माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा समजून घ्यायला तीस सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग उतरवायला साडेबारा मिनिटं. संचातली छोटी राखीव बॅटरी जिवंत असेल तर हे सगळं त्याच्या लक्षात राहतं आणि तो काही सेकंदांत जागेवर येतो. जुन्या संचात ती मेलेली असेल तर तो दरवेळी कोऱ्या पाटीने सुरुवात करतो.

त्या राखीव बॅटरीची मला एका वेगळ्या कारणाने काळजी वाटते. तांडेलाच्या जीपीएसमध्ये त्याच्या जागा साठवलेल्या असतात : बुडालेल्या जहाजाचा सांगाडा, जाळं फाडणारा खडक, अमुक महिन्यात मासळी लागते ती खोल चर. पूर्वी या जागा देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून बापाकडून मुलाकडे जात. आता त्या आकड्यांत आहेत. काही जुन्या संचांत हे आकडे त्या राखीव बॅटरीच्याच जिवावर टिकतात. नव्यांत ते कायमस्वरूपी स्मृतीत असतात, पण नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती खराब होऊ शकते. आपल्या जागा एका वहीत उतरवून ती वही घरी ठेवावी. दुसऱ्या कुठल्याही उपायाआधी हे करावं.

बहुतेक जण इथून थेट नवी बॅटरी आणायला जातात. त्याआधी वायर पाहावी, कारण माझ्या मते निम्मे दोष तिथे असतात.

केबिनमधल्या यंत्रांची वायर कुठून घेतली आहे? बऱ्याचदा ती सेल्फच्या बोल्टवरून घेतलेली असते, कारण तो हाताशी असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड केबल, तिची दोन्ही टोकं, क्लॅम्प आणि मुख्य स्विच यांच्यात मिळून चार मिलिओहम अवरोध असेल, तर ३०० अँपिअरला आणखी १.२ व्होल्ट तिथे सांडतात. बॅटरीवर ८.६ असताना यंत्राला ७.४ मिळतात. तीच वायर बॅटरीच्या टोकावरून घेतली, तर हे १.२ व्होल्ट एक पैसाही न खर्चता वाचतात. वायर घेताना फ्यूज बॅटरीजवळच बसवायचा. अमेरिकेतल्या बोटींसाठीचं एबीवायसी मानक हे अंतर साधारण वीतभर ठेवायला सांगतं, आणि ते शहाणपणाचं आहे. फ्यूज केबिनमध्ये असेल आणि वायर वाटेत घासून उघडी पडली, तर तिला आगीपासून वाचवणारं मध्ये काहीच नसतं.

दुसरं, वायरची जाडी. घरातल्या दिव्याला वापरतात ती एक चौरस मिलिमीटरची वायर मीटरला १८ मिलिओहम अवरोध करते. बॅटरीपासून केबिन सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर, म्हणजे जवळजवळ ०.२२ ओहम. वायरलेसवर बोलण्यासाठी बटण दाबलं की २५ वॅटचा संच पाच-सहा अँपिअर ओढतो. तेवढ्यावर एक व्होल्टहून अधिक वायरीतच संपतो. यातून एक छान खूण मिळते. इंजिन बंद असताना, वायरलेसचं बटण दाबल्यावर जीपीएसचा पडदा मंद होत असेल, तर आधी वायर आणि तिचे जोड तपासा. तेच मानक अशा महत्त्वाच्या यंत्रांसाठी वायरीत जास्तीत जास्त तीन टक्के घट चालवून घेतं. १२ व्होल्टला ०.३६. त्यासाठी चार किंवा सहा चौरस मिलिमीटरची वायर लागते, आणि ती कल्हई केलेल्या तांब्याची असावी. खारी हवा साध्या तांब्याच्या तारांमध्ये आवरणाच्या आत वीत-वीतभर शिरते. बाहेरून वायर धड दिसते. टोक सोलून पाहा. आत काळी पडलेली तार असेल, तर ती बदलणं हाच इलाज.

तिसरी गोष्ट ऋण बाजूची, म्हणजे अर्थिंगची. लोक लाल वायर निगुतीने जोडतात आणि काळी कुठेतरी इंजिनाच्या बोल्टला अडकवतात. इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी काळी केबल सैल झाली, की सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो. जीपीएसपासून, आसपासच्या नौका दाखवणाऱ्या एआयएसकडे किंवा इंजिनाच्या मीटरकडे जाणारी बारीक माहितीची केबल त्याला मिळते. तिच्यातून काही अँपिअर गेले तरी संचाचं ते तोंड जळून जातं, आणि दोष संचावर येतो. सर्व यंत्रांच्या काळ्या वायरी एका पट्टीवर आणून तिथून एकच जाड वायर बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी.

हे सगळं नीट केल्यावरही रात्रभर वाहणाऱ्या नौकेचा प्रश्न उरतोच. तिथे दुसरी बॅटरी हवी. एकीला इंजिनची बॅटरी म्हणू, दुसरीला केबिनची. दोन्ही एकसारख्या नसतात. इंजिनच्या बॅटरीत पातळ, सच्छिद्र पत्रे पुष्कळ असतात, म्हणून ती क्षणभर प्रचंड प्रवाह देते, पण पुनःपुन्हा खोल उतरवली तर लवकर मरते. केबिनसाठी जाड पत्र्यांची, हळूहळू देणारी बॅटरी लागते, घरातल्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची. सेल्फ पहिलीवर, यंत्रं दुसरीवर. मग चावी फिरवल्यावर केबिनमध्ये दिवासुद्धा लवत नाही.

पण दोघींना भरणारा अल्टरनेटर एकच. हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि तो माणसाच्या आठवणीवर चालतो. तो ‘दोन्ही’वर राहिला तर रात्री दोन्ही बॅटऱ्या उतरतात. चालू इंजिनावर कोणी तो ‘बंद’वरून फिरवला तर अल्टरनेटरच्या विजेला जायला जागा उरत नाही, दाब उसळतो आणि त्याचे डायोड जातात. डायोडची पेटी लावली तर विसरण्याचा प्रश्न मिटतो, पण ती ०.६ ते ०.७ व्होल्ट स्वतः खाते आणि बॅटऱ्या कायम थोड्या उपाशी राहतात. मला दाब ओळखणारा रिले सर्वांत पटतो. इंजिन चालू होऊन इंजिनची बॅटरी १३.३ व्होल्टच्या वर गेली की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या आसपास उतरली की तोडतो. एक बारकावा आहे. इंजिन बंद करून लगेच पुन्हा सेल्फ मारला तर बॅटरीचा दाब अजून वर असतो आणि रिले जोडलेलाच असतो. म्हणून सेल्फच्या वेळी त्याला सक्तीने तोडणारी जादा वायर असलेला रिले घ्यावा.

लहान होडीत दोन मोठ्या बॅटऱ्यांना जागा नसते. तिथे फक्त पडदा जगवायचा असेल तर धारित्राचा, म्हणजे कपॅसिटरचा विचार करता येतो. आधी डायोड, त्यामागे कपॅसिटर, त्यामागे यंत्र. दाब घसरला तरी डायोड वीज मागे जाऊ देत नाही आणि यंत्र कपॅसिटरवर तग धरतं. दीड अँपिअर, तीन सेकंद आणि ११.८ पासून १० व्होल्टपर्यंत उतरायची मुभा असं धरलं तर अडीच फॅरड लागतात. मोटारींतल्या मोठ्या स्पीकरसाठी एक फॅरडचे डबे मिळतात, तसे तीन. गणित सुंदर आहे, पण मी हे सुचवणार नाही. कपॅसिटरऐवजी यूपीएसमध्ये असते ती सात अँपिअर-तासाची बंद बॅटरी त्याच डायोडमागे ठेवावी. ती तालुक्याच्या बाजारात मिळते आणि तीन सेकंदांऐवजी तीन-चार तास देते. कमी-जास्त दाब घेऊन स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही चालतो. मात्र अनेक कन्व्हर्टर नऊ व्होल्टखाली हात टेकतात, तेव्हा वायरींची दुरुस्ती त्याआधी झालेली हवी.

मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्टचं इंजिन असतं, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. तिथे १२ व्होल्टचं यंत्र चालवायला खालच्या एकाच बॅटरीतून वायर काढतात. चालतंही. पण ती बॅटरी रोज जास्त उतरते आणि अल्टरनेटर दोघींना मिळून मोजतो, वेगळं ओळखत नाही. खालची कायम अर्धपोटी, वरची कायम जादा भरून पाणी उडवणारी. काही महिन्यांत दोन्ही गेल्या की बॅटरीला नावं ठेवली जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. त्याची किंमत एका बॅटरीच्या पुढे क्वचितच जाते.

यंत्रं जागी ठेवण्याचं महत्त्व आता वाढलंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये ज्या योजनेचा आरंभ झाला, तिच्यातून देशाच्या किनाऱ्यावरील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. इस्रोने घडवलेल्या या यंत्रणेत नौका उपग्रहामार्फत निरोप पाठवू शकते, हवामानाचा इशारा घेऊ शकते. मोबाइलची रेंज संपते त्यापुढे घराशी जोडणारा हा धागा आहे. तो दर सेल्फला तुटू नये.

आणि पावसाळा. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, नौका वर ओढून शाकारल्या जातात आणि बॅटरी बहुधा आतच राहते. न वापरता ठेवलेली शिशाची बॅटरी आपोआप उतरत जाते. उतरलेल्या स्थितीत पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, आणि आतला अवरोध वाढतो. पाच मिलिओहमचे बारा होण्याची ही एक राजरोस वाट. बॅटरी घरी आणून, पूर्ण भरून, महिन्याने पुन्हा भरावी. टोकांवरचा पांढरा-हिरवा भुगा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावावी.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पाण्यात गेली की एक चाचणी करायची. दोन माणसं आणि साधा मल्टिमीटर लागतो. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने वाचायचं. पहिल्यांदा मीटरच्या काड्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर : ९.६ च्या खाली आकडा गेला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा थकलेली. दुसऱ्यांदा एक काडी बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर : इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल, क्लॅम्प किंवा स्विच दोषी. तिसऱ्यांदा ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू, हाच नियम. चौथ्यांदा केबिनमध्ये, जीपीएसच्या मागे वायर लागते तिथे. साधे मीटर पहिला क्षणिक झटका पकडू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक वाचन दोनदा घ्यावं आणि कमीत कमी आकडा धरून ठेवणारं बटण मीटरला असेल तर ते वापरावं. हे चार आकडे आणि तारीख बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहायचे. पुढच्या वर्षीचे त्यांच्याखाली.